मृगाआधीचे दिवस

मे महिन्याची सुट्टी बहुतेकांच्या लेखी पहिल्या पंधरवड्यातच सरते. कोकणात मात्र तिचा खरा भर शेवटाला असतो. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं, ७-८ जूनला मृग. या दोहोंच्या मधले दिवस वर्षात दुसरीकडे कुठे बसत नाहीत. पेटीतला हापूस उतरणीला लागलेला असतो आणि झाडाखाली रायवळाचा सडा पडतो. करवंदं काळी होतात, जांभळं जिभेला रंगवतात, बरका फणस घरभर वास सोडतो. दुपारी ढग जमतात, संध्याकाळी विरतात. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडणार म्हणून चाकरमान्यांची परतीची बांधाबांध चालू असते. १ जूनपासून मासेमारी दोन महिने बंद. त्याच सुमारास मालवणातून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही किनाऱ्याला लागतात. जे करायचं ते आत्ताच, अशी निकड सगळ्या गोष्टींना आलेली असते. मला वर्षातले हेच दिवस सर्वांत आवडतात.

याच दिवसांवरून माझ्या दोन मैत्रिणींचं दरवर्षी वाजतं. आम्ही तिघी कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. एक आता ठाण्याला बँकेत आहे. दुसरी लग्न होऊन राजापूर तालुक्यातल्या एका मोठ्या घरात गेली आणि तिथलीच झाली. नावं छापायची नाहीत असं दोघींनी बजावलंय, म्हणून गावांवरूनच ओळख देते. वाद जुना आहे, पण यंदा राजापूरच्या पडवीत रातांब्यांच्या ढिगाभोवती बसून तो झाला तेव्हा त्याच्या मुळाशी काय आहे ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

ठाणेकरीण : मी तुला दरवर्षी सांगते, मेअखेरचे आठ दिवस आमच्याबरोबर चल. भंडारदऱ्याला, नाहीतर राजमाचीला. पाऊस पडण्याआधी काजवे बघू, चालू, गप्पा मारू. तू दरवर्षी एकच उत्तर देतेस.

राजापूरकरीण : कारण दरवर्षी रातांबे येतात. हे बघ, एवढे आज सकाळचे आहेत. उद्या पुन्हा एवढेच.

ठाणेकरीण : एक वर्ष रातांब्यांना सुट्टी दे. आमसुलं बाजारात मिळतात.

राजापूरकरीण : मिळतात की. त्यातली काही माझीच असतात. अगो, आमसूल म्हणजे काय नुसती साल वाळवायची असते? रातांबा फोडायचा, बिया आणि गर वेगळा काढायचा, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा. साल उन्हात टाकायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. असे फेरे झाले की मग तो काळपट रंग येतो. मधे एक दिवस ऊन चुकलं तरी बुरशी धरते. मी आठ दिवस गेले तर वर्षभराची सोलकढी गेली. बिया वाळवून त्यांचं तेल काढायचं, ते पावसात भेगाळलेल्या टाचांना. तेही गेलं.

ठाणेकरीण : मला कळतं ते. पण मी सुट्टीबद्दल बोलतेय आणि तू कामाबद्दल.

राजापूरकरीण : तिथेच आपली चुकामूक होते. माझी सुट्टी हीच आहे.

ती हे वाक्य नेहमी म्हणते आणि ठाणेकरीण ते नेहमी हसण्यावारी नेते. मला ते दुर्लक्षून चालणार नाही असं वाटतं. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीचं, काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहीत असेल, त्यात नुसतं ओझं नसतं. रायवळांचा रस गाळून तूप लावलेल्या ताटांत ओतायचा, वाळला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. साठ तयार होईपर्यंत घरातलं प्रत्येक पोर येता-जाता कडेचा तुकडा तोडतं. बारक्या रायवळांचे उकडांबे होतात. बरक्या फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या घालून सांदणं होतात. आठळ्या धुऊन, वाळवून मातीत ठेवतात; आषाढात अळूच्या भाजीत त्या सापडल्या की मे महिना पानात येतो. लाकडं पडवीत रचायची, कौलं परतून घ्यायची, वाऱ्याच्या बाजूला चुडतांची झड बांधायची, खळ्यातला मांडव उतरवायचा. हे सगळं एकटीने होत नाही. माणसं लागतात, आणि मे महिन्यात घरात माणसं असतात.

राजापूरकरीण : काल दुपारचं आठव ना. आपण जेवून आडवारलो होतो. पश्चिमेकडून काळं आलं, एकदम गार वारा सुटला. मी नुसतं "साठं!" म्हणून ओरडले. घरातलं एक माणूस जागेवर राहिलं नाही. माझा दीर, त्याची मुलं, शेजारची आजी, तू स्वतः. तू दोन ताटं डोक्यावर घेऊन धावत होतीस. दोन मिनिटांत खळं रिकामं. आणि मग पाऊस पडलाच नाही! सगळे ओटीवर उभे राहून हसत होतो. सांग, तुझ्या कुठल्या सहलीत इतकी माणसं एकदम हसली?

ठाणेकरीण : हसलो, खरं आहे. मला त्या दोन मिनिटांत जेवढं जिवंत वाटलं तेवढं महिन्यात वाटलं नव्हतं. पण पुढचं सांग. हसून झाल्यावर सगळे ओटीवर बसले आणि चहा कोणी केला?

राजापूरकरीण : मी केला.

ठाणेकरीण : चौदा कप. आणि आम्ही आलोय त्या दिवसापासून मी बघतेय, तू एकदाही शेवटपर्यंत बसून जेवलेली नाहीस. भरलेलं घर मला आवडतं गं. पण ते कुणाच्या पाठीवर भरलेलं असतं ते मला दिसतं. मी पण सून आहे. सासरच्या मे महिन्यात मी वीस-वीस माणसांच्या पोळ्या लाटल्यात. त्या घरात मला आंबा कधी आठवत नाही, आंब्याची सालं उचललेली आठवतात. म्हणून मी मैत्रिणींबरोबर निघते. आठ दिवस मी कुणाची वहिनी नसते, कुणाची काकू नसते. मी पाणी मागते आणि कुणीतरी आणून देतं.

राजापूरकरीण : हे झोंबतं. झोंबतं कारण खरं आहे. आमच्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या तरुणपणी चाकरमानी मुंबईहून बोटीने यायचे. जैतापूरला उतरायचे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून त्याआधी सगळे परत जायचे. शेवटची बोट गेली की त्या दोन दिवस नुसत्या झोपून काढायच्या. हे सांगताना हसायच्या. मला लग्नानंतर ते हसू गोड वाटायचं. आता वाटत नाही. पण एक सांगू? चहा मीच करावा लागतो यावर उपाय घर सोडून जाणं नव्हे. चहा दुसऱ्याने करणं हा उपाय आहे.

ठाणेकरीण : घर सोडून गेल्याशिवाय दुसरा कुणी करत नाही.

राजापूरकरीण : तू आठ दिवस गेलीस, परत आल्यावर तुझ्या घरी कोण करतं?

ठाणेकरीण : आता मुलगा करतो. पहिल्या वर्षी कुणी केला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने मला फोन करून साखर कुठे आहे विचारलं. तिसऱ्या वर्षी विचारलं नाही. मी उपदेश करून हे झालं नसतं, माझ्या जाण्याने झालं.

या मुद्द्यावर मी ठाणेकरणीच्या बाजूची आहे आणि ते तिथल्या तिथे बोललेही. मे महिन्यातल्या गोकुळाबद्दल मराठीत फार लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं पानावर बसून जेवणाऱ्यांनी लिहिलंय. वाढणाऱ्यांनी लिहिलं असतं तर त्यात घामाचा वास आंब्याच्या वासाइतकाच आला असता. मैत्रिणींनी मिळून प्रवासाला निघणं ही आपल्याकडे अगदी अलीकडे रुळलेली गोष्ट आहे, आणि तिला "चैन" म्हणणं मला मुळीच मान्य नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतर स्टँडवर नुसत्या बायकांचे घोळके दिसतात. देवाला निघालेले, लग्नाला निघालेले, आणि कशालाच नाही, नुसतेच निघालेले. हे शेवटचे घोळके मला फार महत्त्वाचे वाटतात.

राजापूरकरीण : बरं, मग जाऊन तुम्ही करता काय? बोलता कशावर?

ठाणेकरीण : घरावरच बोलतो. पण पूर्ण वाक्यांत बोलतो. इथे आल्यापासून तुझं-माझं एक वाक्य तरी पुरं झालंय का? मी काही सांगायला लागले की कुणीतरी हाक मारतं. कालपासून मी तुला माझ्या बदलीचं सांगतेय, अजून अर्ध्यावर आहे. गाडीत बघ. सकाळी ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसलो की दुपारी राजापूर रोड येईपर्यंत कुणाला उठावं लागत नाही. डब्यात विकायला येतं ते खायचं. बोगदा आला की थांबायचं, कारण ऐकू येत नाही. करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात आपण काय बोलत होतो ते मनात धरून ठेवायचं आणि उजेड आला की पुढे चालू. मला मांडवीतला प्रवास मुक्कामापेक्षा जास्त आवडतो, कारण तिथे कुणी मला हाक मारत नाही.

राजापूरकरीण : आणि मला वाटतं, हात रिकामे असले की माणूस बोलत नाही. समोरासमोर बसून "सांग, कसं चाललंय" म्हटलं की सगळे "छान" म्हणतात. मागे एका साली तू माझ्याबरोबर रातांबे फोडत होतीस. खाली बघत होतीस, हात लाल झाले होते, आणि तुझ्या भावाचं सगळं तू मला सांगितलंस. इतक्या वर्षांत गाडीत कधी सांगितलं होतंस?

ठाणेकरीण : नव्हतं सांगितलं.

राजापूरकरीण : का?

ठाणेकरीण : गाडीत तू माझ्याकडे बघत असतेस. रातांबे फोडताना तू रातांब्याकडे बघत होतीस.

इथे वाद अर्धा मिटला असं कुणाला वाटेल. मिटला नाही, पण त्याची जागा बदलली. मला जे या दोघींकडून मिळालं ते एवढंच की मैत्रीला दोन्ही लागतं : कुणी हाक मारणार नाही अशी जागा, आणि हाताला एखादं काम. नुसतं फिरायला गेलेल्या टोळक्यांना दुसऱ्या दिवशी जो एक रिकामेपणा येतो, सगळे आपापल्या फोनमध्ये शिरतात, त्याचं कारण मला हेच वाटतं. बघायचं बघून झालं, खायचं खाऊन झालं, आता एकमेकांसाठी करायला काही उरलं नाही. आणि भरल्या घरात राबणारीला काम भरपूर असतं, पण तिला ऐकून घेणारं माणूस तिच्या शेजारी बसलेलं नसतं.

मग गाडी काजव्यांवर आली.

राजापूरकरीण : तुझ्या काजव्यांचं मला काही कळत नाही. आमच्या परड्यात आहेत. जांभळीवर चमकतात. त्यासाठी भंडारदऱ्यापर्यंत जायचं?

ठाणेकरीण : तुझ्या परड्यात दहा-वीस दिसतात. तिथे सादडा, हिरडा, बेहडा अशी झाडंच्या झाडं पेटतात. एका झाडावरचे सगळे एका तालात लागतात, विझतात, आणि शेजारचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं लागतं. पहिला मोठा पाऊस झाला की कमी होत जातात. तू ते एकदा बघावंस असं मला मनापासून वाटतं. तू सोबत असावीस असं वाटतं, हे खरं कारण. मी बघितलं तेव्हा मला तुझी आठवण झाली.

राजापूरकरीण : आणि तिथली गर्दी? मी टीव्हीवर बघितलंय. गाड्यांची रांग, दिवे चालू, लोक झाडाखाली उभे राहून मोबाइलच्या बॅटरीचा उजेड मारतात. काजवा उजेड दाखवून जोडीदार शोधतो. त्याच्या डोळ्यांवर आपण हेडलाइट टाकायचा आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचं, हे मला पटत नाही.

ठाणेकरीण : मलाही पटत नाही. म्हणून शनिवार-रविवार टाळायचा. अकोले तालुक्यातल्या एखाद्या गावात एखाद्या घरी राहायचं, गाडी तिथेच ठेवायची आणि गावातल्या माणसाबरोबर अंधारात चालत जायचं. डोळे सरावायला वेळ लागतो, तेवढा द्यायचा. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथली बाई भाकऱ्या करून आमच्याबरोबर आली. म्हणाली, पाहुणे यायला लागल्यापासून मी पण बघायला लागले.

राजापूरकरीण : तिच्या भाकऱ्यांचे पैसे तिच्या हातात दिलेत?

ठाणेकरीण : तिच्याच हातात.

राजापूरकरणीने हे विचारलं याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्या घरच्या चौदा कप चहाचा हिशोब तिने मांडला नव्हता, पण अकोल्याच्या अनोळखी बाईच्या भाकऱ्यांचा तिने मांडला. पाहुणा म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न खिशात घेऊन जायला हवा, मग तो लॉजवर उतरो की मैत्रिणीच्या घरी.

पुढे बोलता बोलता २०२५ चा विषय निघाला. त्या वर्षी केरळात २४ मेला मान्सून आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे रोहिणी लागताक्षणीच मृग आल्यासारखं झालं.

राजापूरकरीण : त्या साली मेच्या विशीतच पाऊस सुरू झाला. रातांबे झाडावर पिकलेले, आणि ऊन नाही. साली चुलीवरच्या धगीत वाळवायचा प्रयत्न केला, पण तो रंग येत नाही. रायवळं पडून कुजली. कौलं परतायची राहिली होती, तशीच ताडपत्री टाकली. आणि सगळ्यात वाईट काय झालं माहितीये? माणसं आधीच निघून गेली. पावसात राहून काय करणार म्हणाले. घर एका दिवसात रिकामं. मला आमसुलांपेक्षा त्याचं जास्त वाटलं. दरवर्षी जे आठ दिवस मी बोलते, ते मी बोललेच नाही.

ठाणेकरीण : आमची पण सहल रद्द झाली. मी घरी बसून राहिले, सुट्टी मंजूर होती तरी. तेव्हा मला कळलं की आपण दोघी ज्यावर भांडतो ते एकच आहे. तू म्हणतेस हे दिवस घरात घालवू, मी म्हणते बाहेर. पण हे दिवसच गेले तर?

राजापूरकरीण : म्हणून तर मी म्हणते, जे असेल ते हातात असताना करून घ्यावं.

ठाणेकरीण : आणि मी म्हणते, जिथे जायचं तिथे जाऊन यावं. पुढच्या वर्षी म्हणत बसू नये.

एका वर्षाच्या पावसावरून ऋतू कायमचा बदलला असं मी म्हणणार नाही. मान्सूनची तारीख मागेपुढे होतेच. पण ज्या दिवसांवर वर्षभराची बेगमी आणि वर्षभराच्या भेटी दोन्ही टेकलेल्या आहेत, ते किती थोडे आहेत ते त्या वर्षाने दाखवलं. तेव्हापासून मी मैत्रिणींचे "बघू गं, पुढच्या मे महिन्यात" हे निरोप स्वीकारत नाही. तारीख मागते.

त्या दिवशीही मागितली. रातांब्यांचा ढीग संपत आला होता, म्हणजे सर्वांत कठीण भाग, बिया वेगळ्या करण्याचा, अजून बाकी होता.

मी : रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वीसारखे चार महिने मिळत नाहीत. मेअखेरच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. तेव्हा मार्चअखेरीला आपलं ठरलेलं पाहिजे. काय ठरवायचं?

ठाणेकरीण : आम्ही दोघी २४ मेला इथे येतो. पण पाहुण्या म्हणून नाही. सकाळचा चहा माझा, दुपारचा हिचा, आणि संध्याकाळचा तुझ्या दिराचा. त्यांना मी आज जेवताना सांगणार आहे, तू मधे पडायचं नाही. रातांबे तिघी मिळून उरकू. मग तू आमच्याबरोबर निघायचं.

राजापूरकरीण : शेवटचा फेरा वाळल्याशिवाय मी निघणार नाही. ते १ जून धर.

ठाणेकरीण : १ जूनला निघालो तर अकोल्याला पोचेपर्यंत २ तारीख. पाऊस लवकर आला तर काजवे गेले.

राजापूरकरीण : आणि २८ मेला निघाले तर साली ओल्या राहतील.

ठाणेकरीण : वाळवायला तुझी जाऊ आहे, दीर आहे, तीन मोठी मुलं आहेत. साली पालथ्या करायला काय लागतं?

राजापूरकरीण : लक्ष लागतं. काळं आलं की ओरडायला कुणीतरी लागतं.

ठाणेकरीण : मग ओरडायला शिकव कुणाला तरी. तुझ्या पुतणीचा आवाज काल तुझ्यापेक्षा मोठा होता.

राजापूरकरीण : ती ओरडेल. पण बुरशी कशी ओळखायची ते तिला माहीत नाही. ते तिला यंदाच दाखवायला हवं, पुढच्या वर्षी उशीर होईल. थांब, हाक मारते तिला. आणि तू ३० मे लिही. त्याच्या आत एक दिवस नाही.